दोन ठिपके

मनामातल्या हॉटेलच्या तळघरात
रात्री साडेअकराला पिशव्या आल्या,
बारा उंच माणसांचा घाम.
जर्मनीतलं कॉलेजचं गाव, त्यांचा मॅनेजर म्हणाला,
निम्मी वस्ती पोरांचीच, आणि एक नदी.
बास्केटबॉलवर पोट भरणारी माणसं,
आठवडाभर इथे सरावाला.

छातीवरचं गावाचं नाव मला वाचता येईना.
एका अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके,
आपल्या अनुस्वारासारखे, पण जोडीनं.

सात नंबरचा एक ठिपका ड्रायरमध्ये सुटला.
मशीन थांबवलं, जाळीतला कापूस चिवडला.
च्युइंगमची चांदी निघाली,
कुणाच्या तरी मोज्याचा दोरा.

कुरियन म्हणाला, सोड, कोण बघतंय?

चिंचघरचं चिचघर झालं माझ्या पासपोर्टात,
त्याला एकोणीस वर्षं झाली.
खरंच, कुणी बघितलं नाही.

नंबरांच्या उरलेल्या पांढऱ्या शीटवर
ऑफिसातलं पंच दाबलं,
एक गोल पडला, नखाएवढाही नाही.
चिमट्यानं बसवला. वर कापड, वर इस्त्री,
दहा मोजेपर्यंत.

सकाळी सात नंबर लिफ्टमध्ये वाकून शिरला.
गाव अख्खं होतं.
मी त्याच्यासाठी चौदा दाबला,
मग माझं तळघर.