एक मीटर त्र्याण्णव

हडर्सफील्डला, शेजारच्या विनिफ्रेडकडे,
स्वयंपाकघराच्या चौकटीवर
पेन्सिलीची एक रेघ आहे.
मला वाटलं, मुलाची उंची असेल.
"माझी," ती म्हणाली. "पाठीवरून मोजलेली."

तिथून ती गेली होती, उताणी,
पाठीखाली कधी ओस्लो, कधी प्राग,
आणि मग पावसाने भिजलेली गादी.

मी रेघेखाली उभी राहिले, हात वर केला.
जेमतेम.

पदकं? वरच्या फडताळात.
आता शिडी लागते.
जिना ती आडवी उतरते, खेकड्यासारखी,
डावा घोटा जपत.

"जिंकले त्या दिवशीही
शेवटच्या उडीला दांडी पडलीच गं."

मग चहा आणायला उठली:
चार पावलं सरळ,
आणि टेबलाला वळसा घालताना
अजूनही
डावीकडे झुकून.