खजिनदाराचं मत

तीन हात रोनितसाठी वर गेले,
तीन मास्तरांसाठी.
सातवा माझा. तो गुडघ्यावर होता,
बेलापूरच्या मैदानात सव्वीस वर्षांपूर्वी
वाटी सरकली, त्याच गुडघ्यावर.

झालं होतं असं.
ऐरोलीची उपान्त्य, शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं पुढे.
मास्तरांनी तळहात खाली दाबला:
निदानरेषा ओलांड, माघारी ये,
दम खर्च कर, बाकी काही करू नको.
रोनितनं ते पाहिलं.
त्यानं पाहिलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.
आणि पोरगा आत घुसला,
उजव्या कोपऱ्याला लाथ, मधल्याला हात,
दोघांना बाद करून आला.
दिवाळ्याच्या जेटीपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागू दिला नाही कुणी.

अंतिम सामन्यात मास्तरांनी त्याला बाकावर बसवलं.
अकरा गुणांनी हरलो.

गावदेवीच्या सभामंडपात पंखा फिरत होता, हवा नव्हती.
"पोरामुळं मॅट आली," पद्माकर तांडेल म्हणाला.
खोटं नाही. बिल्डरनं आधी फोटो काढला रोनितबरोबर,
मग चेक फाडला.
"मास्तर काय, कुनीपन शिट्टी वाजवील."
तेव्हा नथीबाय उठली,
बायकांच्या संघाची जुनी चढाईपटू,
अजून बोलताना पदर खोचते.
"उद्या पाय मोडला पोराचा,
तं मत कुनाला दिलंस? पायाला?"

वही माझ्याकडे असते.
मास्तरांच्या नावावर चौदा वर्षांत
बसभाडं, फक्कीच्या गोणी,
एक शिट्टी,
आणि ती खाडीत पडली म्हणून दुसरी शिट्टी.
मानधनाचा रकाना आखलेला आहे. कोरा आहे.
रोनितच्या पानावर बूट, जिम,
आईच्या मोतीबिंदूचे साडेअठरा हजार.
कोण महाग ते वही सांगते.
कोण जड, ते तिला विचारू नये.

मी डावा कोपरा होतो.
मास्तर तेव्हा माझ्या शेजारी, साखळीत,
त्यांची बोटं माझ्या बोटांत.
ते ओरडले, "सोड!"
मी घोटा सोडला नाही.
पकड झाली, गुडघा गेला, ढाल आली.
ढाल देवळात आहे, घंटेच्या मागे, काळी पडलेली.
दर अमावास्येला गुडघा दुखतो
आणि दर अमावास्येला वाटतं, बरं केलं.

मी हात वर केला.
मास्तर.

न्याय केला असं म्हणणार नाही.
पोराला दहा मंडळं दार उघडतील,
मास्तरांना आमच्याशिवाय कुणी नाही,
एवढंच डोक्यात होतं.
मताला ही काही बैठक नव्हे.

रोनित कोपरखैरण्याला गेला. भांडला नाही.
बूट परत केले, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी ते वहीत लिहिलं: बूट, जमा.

मग जानेवारीत, नेरूळला, तो समोर.
शेवटची चढाई त्याची, आम्ही एकानं पुढे.
आमच्या डाव्या कोपऱ्यात कालचं पोर, पाय थरथरतायत,
त्याचा घोटा रोनितच्या हातापासून वीतभर.
रोनितनं मान वळवली.
त्याच्या बाकाकडे नाही. आमच्या.
आणि मास्तरांचा तळहात,
आमच्या पोरांना "थांबा" म्हणून
की चौदा वर्षांची सवय म्हणून, कोण जाणे,
खाली दाबला गेला.

रोनित माघारी आला.
रिकामा.

आम्ही जिंकलो. ढोल वाजले.
कोपरखैरण्याच्या पोरांनी त्याला शिव्या घातल्या,
तो घोटभर पाणी प्यायला, चूळ भरली.
मास्तर बाकावर बसून राहिले,
स्वतःच्या तळहाताकडे बघत,
जसं बाजारात कुणी चुकून
जास्तीची नोट हातावर ठेवून जावं.

रात्री वही उघडली.
एक गुण, जमा.
कुणाच्या नावावर, ते लिहायला
पेन अजून टेकलेलं नाही.