मापवही

पहिल्याच तासाला बिराजदार मॅडम म्हणाल्या,
आधी जिवंत माणूस मोजायला शिका.
बत्तीस जणांनी शेजाऱ्याची मांडी मोजली,
खुब्यापासून गुडघ्यापर्यंत,
हसत, लाजत, टेप घसरवत.
मांडीच्या हाडाची साधारण पावणेचारपट
म्हणजे उंची.
मी वहीत लिहिलं नाही.
असला हिशेब मी दुसरीत असल्यापासून ऐकत आले.

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर अण्णांचं दुकान.
एक मशीन, एक बाक, लाल फडक्यात बांधलेली मापवही.
गिऱ्हाईक पायरी चढेस्तोवर
अण्णा पुटपुटून मोकळे:
छाती अडतीस, बाही तेवीस, उजवा खांदा जरा खाली, ओझं वाहतो.
टेप लावायचे ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

नांदेडच्या प्रयोगशाळेत
खिळ्याला टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा.
जन्मताना हाडं तीनशेच्या आसपास,
मोठं होता होता जुळत जुळत दोनशे सहा.
म्हणजे वाढायचं म्हणजे कमी व्हायचं का मॅडम,
मागून अफरोज म्हणाला, आणि वर्ग हसला,
मॅडम हसल्या नाहीत.
जिभेच्या मुळाशी त्यांनी एक हाड दाखवलं,
घोड्याच्या नालासारखं, इवलंसं,
दुसऱ्या कुठल्याच हाडाला न टेकलेलं.
गळा दाबला तर कधी कधी हेच मोडतं.
त्या दिवशी मेसमध्ये
प्रत्येक घास गिळताना ते हललेलं कळत होतं.

दिवाळीत घरी होते.
जमादार आले. बाहेर चप्पल काढली,
पिशवीतून सदऱ्याचा तुकडा काढून कटिंगच्या टेबलावर ठेवला.
दुधनेच्या कालव्यात सापडलेला. कॉलर नाही,
एक बाही, दोन गुंड्या.
अण्णांनी तो आधी उलटा केला.
सुलटं काय, कुणीही बघतं.

मी ओरडले, हात लावू नका अण्णा, पुरावा आहे तो!
(पहिल्या युनिटमधलं एवढंच तोंडावर आलं.)
अण्णा म्हणाले, माझाच हात आहे त्याच्यावर, आधीपासून.
ही टीप माझी.
शेवटाला मी तीन टाके मागं घेतो.

जमादारांच्या कागदावर
अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस.
अण्णा चिडले. अनोळखी कसा?
डावी बाही अर्धा इंच कमी आहे, बघा.
लहानपणी बैलगाडीवरून पडला, हात वाकडा जुळला.
बोअरच्या गाडीवर होता, वालूरचा, मुंजाजी.
आरशात दोन्ही मनगटं सारखी दिसावीत
म्हणून मी बाही कमी केली.
त्याला सांगितलं नव्हतं.

जमादार लिहीत होते.
मी सांगायला लागले की मोडलेलं हाड
जुळताना तिथं गाठ धरतं,
एक्स-रेत वर्षानुवर्षं दिसू शकतं,
आणि मध्येच थांबले,
कारण अण्णा मापवही उघडून
त्या पानावर तळहात ठेवून बसले होते.
शिलाईचे साठ रुपये बाकी होते.
त्यांनी ते खोडले नाहीत. कोपरा तेवढा दुमडला.

सहामाहीला प्रश्न आला:
ओळख पटवण्याची साधने लिहा.
बोटांचे ठसे, दात, डीएनए. पाच गुण.
चौथी ओळ मी सुरू केली, खोडली,
परत लिहिली. मॅडमनी त्याभोवती
लाल पेनानं गोल केला, गुण दिला नाही, कापलाही नाही.

जाताना रात्री मी मापवहीत माझं पान शोधलं.
सहाव्या वर्षापासून दर दसऱ्याची मापं,
नंतर चार वर्षं तीच ती उंची.
अण्णांना म्हटलं, माणूस उंचीनं थांबला तरी
हासळीचं आतलं टोक उशिरा जुळतं,
विशी उलटल्यावरही ते काम चालू असतं.
अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली,
माझ्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं:
शिवणीत माया जास्त सोडणे.