दुसरा स्लॉट

कॅबिनेटची बाजू उघडून बसलोय.
पहिल्या कार्डाखाली दुसरा स्लॉट,
चार वर्षं मोकळा,
एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखा.

सुजात पुण्याला चाललाय, नोकरीवर.
त्याचं कार्ड माझ्याच कार्डाचा जुळा भाऊ.
सीताबर्डीच्या एकाच दुकानातून
एकाच दिवशी आणलेले दोघं.
येताना आपापला खोका मांडीवर धरून
जाम येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.
"साडेचार दे," म्हणतो, "तुह्यासाठी.
दुसऱ्याले सातच्या खाली नाही देत."
दोन कार्डं जोडायचा पूल
फुकट.

वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं.
एक कार्ड, पंचावन्न फ्रेम.
दोन कार्डं, एकशे दहा नाही,
ऐंशी, फारतर.
काही गेमना दुसरं दिसतच नाही म्हणे,
ते नुसतं तापत बसतं,
पंगतीत वाढप्याच्या नजरेतून सुटलेल्या माणसासारखं.
वर पॉवर सप्लाय मोठा लागेल. तो कोण फुकट देतो?

बाबा सबस्टेशनला ऑपरेटर.
गेम म्हणजे काय, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.
आताही एवढंच,
"लोड किती वाढन?"
"दोनशे वॅट."
"म्हंजे आनखी एक कूलर."

मे महिन्यात आमच्या वडकीत
कूलर हेच माप.
त्याच्यापुढं कोणाची खाट पडते
यावरून घरात कोण मोठं ते कळतं.

रात्री जेवणं झाल्यावर
ते टाँग टेस्टर घेऊन आले.
"चालव तुह्यं ते, जे काई हाय ते."
मी चालवलं.
माझ्यासमोर हेलिकॉप्टर जळत होतं,
माणसं छतांवरून उड्या टाकत होती,
आणि बाबा दातांत टॉर्च धरून
मीटरच्या खोक्यात पाहत होते.
"एकशे अठ्ठ्याहत्तर," टॉर्च काढून म्हणाले.
"दुसरं टाकलं, अन् तुह्या मायनं मिक्सर लावला,
की मेला तू."
त्याच क्षणी मी खरंच मेलो,
मागून कोणीतरी गोळी घातली.
आम्ही दोघंही हसलो नाही.

मग त्यांनी टॉर्च कॅबिनेटमध्ये मारला.
पहिल्यांदाच.
"हे काय होय?"
रुई.
समोरच्या जिनिंगची, अख्ख्या हंगामाची,
पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी बसलेली,
धुळीनं करडी पडलेली.
"एवढा कापूस खाऊन बसलं हे,
याचाच जीव गुदमरून राह्यला, अन् तू दुसरं आनतं?"
दाढीचा जुना ब्रश आणला त्यांनी.
चष्मा कपाळावर सारून
एकेक पातं पुसलं,
न घाईनं, न बोलता,
वरून अकरा हजार व्होल्ट जात असल्यासारखं जपून.

चौऱ्याऐंशीवर तापणारं कार्ड एकाहत्तरवर आलं.
फ्रेम बासष्ट.
सात फ्रेम, एका ब्रशात.
मी हे बाबांना सांगितलं.
"सात म्हंजे लय का कमी?"
"लय," मी म्हणालो.
ते झोपायला गेले.

सकाळी फाट्यावर सुजातला नाही म्हटलं.
वाटलं होतं, तोंड पाडेल.
त्यानं बॅगेतून खोका काढून माझ्या हातात दिला.
"ठेव तुह्यापाशीच.
तिकडं एका खोलीत चौघं हावो, टेबलही नाही.
कोनी घेतलं तं पैसे पाठवजो."
बस आली. खिडकीची जागा मिळाली नाही त्याला,
हात कुठून हलवला ते दिसलंच नाही.

खोका कपाटावर आहे. स्लॉट मोकळा.
रात्री नऊनंतर यादीत त्याचं नाव
करडं दिसतं.

परवा मारेगावहून एक पोरगा आला होता,
रोख सात हजार घेऊन,
उन्हानं लाल झालेला.
त्याला पाणी दिलं, कूलरपुढं बसवलं,
आणि सांगितलं,
विकलं.