दगडाची वाटणी

आईमागे तीन गोष्टी उरल्या.
भट्टी, तिचा घुमट आधीच खचला होता.
गाढव, ते विकलं.
आणि घोटायचा हा गोटा,
अंड्याहून लहान, जुन्या मधाच्या रंगाचा,
एका अंगाला अंगठा बसेल एवढा खळगा.

भट्टीवरून आम्ही भांडलो नाही.
गाढवाचे पैसे तर नेल्सीनं मलाच जास्त दिले.
गोट्यावरून मात्र
अकरा वर्षं झाली, बोलणं नाही.

सोम मंगळ बुध तिचे.
गुरुवारपासून शनिवार माझे.
रविवारी तो कुणाचाच नाही,
येसिदच्या आईकडे, मिठाच्या बरणीत.

बुधवारी दिवेलागणीला येसिद येतो,
फडकं माझ्या हातावर ठेवून पळतो.
निरोप नसतो कधी.
पण खळग्यात लाल लेप अडकलेला असतो,
त्यावरून कळतं
या आठवड्यात मोठ्या हंड्या होत्या की वाट्या.
फडक्याला नदीतल्या मासळीचा वास असला
की भाचा आला म्हणायचं बोटीवरून.
एकदा फडकं ओलं होतं.
मी विचारलं नाही.

ला चांबातली बाई
भांडं तीनदा घोटते,
लेप ओला, लेप आंबट-ओला, लेप सुकत आलेला.
टीव्हीवरची मालिका संपते, दुसरी लागते,
हात आपला जातोय, येतोय.
घाई केली की माती लक्षात ठेवते.

मागच्या मंगळवारी भरदुपारी येसिद दारात.
मंगळवार तिचा.
एका हातात फडकं,
दुसऱ्या हातात बगलेशी धरलेली हंडी,
कानापासून पोटापर्यंत घोटलेली,
खाली तशीच, खरबरीत.
"काही म्हणाली?"
"म्हणाली, बोटं मिटत नाहीत आता."

मी बराच वेळ बाकावर बसून राहिले.
मग ओल्या फडक्यानं लेप जरा जागा केला
आणि तिनं सोडलं होतं तिथून धरलं.
ती आडवं घोटते. आईसारखं.
मी उभं.
आई यावरूनच मला चापटी मारायची.

शुक्रवारी भट्टी लावली.
भांडी निखाऱ्यासारखी लाल झाली
तशी लांब काठीनं एकेक उचलून
पत्र्याच्या पिंपात,
वर गाढवाची वाळकी लीद,
वर झाकण.
धूर कोंडला. डोळे गेले.
त्या कोंडमाऱ्यातच माती काळी होते,
रंगानं नव्हे.

निवल्यावर पिंप उपडं केलं.
बारा भांडी, एकाच काळ्या आईची लेकरं.
तिची कुठली, शोधावी लागली,
उन्हाकडे तिरकी धरून.
पोटावर एक रेघ दिसली,
आडवी चमक संपते, उभी सुरू होते तिथं.
इबागेच्या व्यापाऱ्यानं बोट ठेवलं: "हिला डाग आहे."
बाकीची अकरा त्यानं नेली.

संध्याकाळी तिच्यात मासळी शिजवली,
कच्ची केळी, युक्का, मीठ जरा जास्तच.
येसिदला हाक मारली नाही.
पदार्थ चुलीवरून उतरला तरी
काळं भांडं बराच वेळ खदखदत राहतं,
पोचेपर्यंत निवायचं नाही.

तिनं दार उघडलं, हंडीकडे पाहिलं,
मग रेघेकडे.
म्हणाली, "उभंच घोटलंस."

गल्ली सात पावलांची आहे.
परत येताना मोजली.