आवक : निरंक

शिवडीच्या शेडमधले चौदा कोठे मी फिनेलनं धुतले,
चौदा गव्हाणींत पालघरचं वाळलं गवत भरलं,
पिंपांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले.
साहेब म्हणाले होते, सोमवारी एडके येतील,
परदेशी, दाट लोकरीचे, कानात पिवळे बिल्ले.
तीस दिवस इथं, मग माणदेशात.

सोमवारी परिपत्रक आलं.
बंदर बंद. पुढील आदेश होईपर्यंत.
कारणाच्या रकान्यात
कारण असं लिहिलं होतं
की वाचून झाल्यावरही ते कळलं नाही.

जहाज मात्र दिसायचं.
जेट्टीच्या टोकाला जाऊन कपाळावर हात धरला
की दूर नांगर टाकून उभं,
विसरलेल्या इस्त्रीसारखं.

गुरुवारी तुळसा वाघमोडे आली,
मेंढपाळांच्या सोसायटीची सचिव.
पदराच्या गाठीत पैसे भरल्याची पावती,
पिशवीत चौदा घाट्या,
एकेक फडक्यात गुंडाळलेली, वाटेत वाजू नये म्हणून.
पावती तिनं शिपायाला दाखवली, मला दाखवली,
चहा झाल्यावर मला पुन्हा दाखवली.

"जुनं एडकं लोणंदला इकलं आमी,
नवं येणार म्हून. रगत बदलायचं म्हून.
आता मेंढरं माजावर आल्यात
अन् अख्ख्या वाड्यात नर न्हाई."
साहेब म्हणाले, वरून आदेश आला की लगेच.
"आदेश वरनं येतुया, सायेब.
माज वरनं येत न्हाई."
साहेबांनी पंख्याकडे बघितलं.

रात्री ती शेडमध्येच निजली, तीन नंबरच्या कोठ्यात,
माझ्याच हातच्या गवतावर.
पहाटे वारा फिरला.
डिझेल, सुकट, खाजणाचा चिखल,
आणि त्यामागून ओल्या लोकरीचा वास.
मला वाटलं भास.
ती कधीच उठून बसली होती, नाक समुद्राकडे करून.
"हगवण लागलीया त्यास्नी," म्हणाली,
"दोघातिघांना तरी. चारा बदलला आसंल."
एवढ्या पाण्यावरून.
हे मी नोंदवहीत कुठं लिहू?

रविवारी तिथं नुसतं पाणी होतं.
कुठल्या बंदरानं घेतलं त्यांना, की कुणीच नाही,
साहेबांनाही माहीत नव्हतं.
गवत जोगेश्वरीच्या तबेल्यानं उचललं, निम्म्या भावात.
तुळसा निघाली.
या खेपेला घाट्या फडक्यात नव्हत्या.
फाटकाबाहेर, कंटेनरच्या ट्रकांमधून,
बराच वेळ एक कळप चालत गेला.

नियमाप्रमाणे पिंपांतलं पाणी रोज बदलतो.
वहीत लिहितो : आवक निरंक, मृत निरंक, शिल्लक निरंक.
पौषात जी कोकरं होणार नाहीत
त्यांच्यासाठी छापील रकाना नाही.

काल सात नंबरच्या पिंपात
एक कावळा अंघोळ करत होता.
हाकलला नाही.