सोळा चमचे

एका दिवसाचे एकशे दहा डॉलर
आणि मेट्रनचा पोशाख.
"तुमचं वय अगदी बरोबर बसतं," कपडेपटातली मुलगी म्हणाली,
ओठांत टाचण्या धरून.
कमरेला चाव्यांचा जुडगा अडकवला तिने,
प्लास्टिकच्या, वर चंदेरी रंग.
खऱ्या चाव्या आधी ऐकू यायच्या, बाई मागून यायची.
या तर गवताच्या काडीएवढ्या.

मी बोलले नाही की या इमारतीत
मी राहून गेलेय.
दुसरा मजला, पूर्वेची बाजू,
सदुसष्टची कापणी ते अडुसष्टची पेरणी.
बाळ गेलं आणि मी भांडी घासायची थांबले,
एवढंच झालं होतं.

पुढच्या महिन्यात पाडणार आहेत हिला.
तोवर सिनेमावाल्यांना भाड्याने.
भिंतींना हिरवा दिलाय, मन लावून दिलाय,
पण आमचा हिरवा निराळा होता:
ताटलीत निवलेल्या, साय धरलेल्या
वाटाण्याच्या सुपाचा.
खिडक्या सताड उघड्या, उजेड हवा म्हणून.
आमच्या चार बोटं उघडायच्या.
चार बोटांतून मनगट जातं. कोपर अडतं.
बाहेर गहू, गहू, आणि गव्हाच्या टोकाला
धान्याचा एकच उंच कोठार,
त्यावर लिहिलेलं गावाचं नाव उलट्या बाजूला.

सहा मुली. सगळ्या देखण्या.
त्यांचे केस विस्कटायला एक माणूस तासभर खपतो.
दिग्दर्शक म्हणतो, किंचाळा, काहीतरी फोडा,
आणि त्या अशा किंचाळतात
की माळ्यावरची कबुतरं उडतात.

आम्ही हूं की चूं केलं नाही.
जी किंचाळे तिला गुरुवारी न्याहारी नसे,
खाली तळघरात नेत,
आणि संध्याकाळी ती आपलंच नाव विचारी,
अदबीने,
स्टेशनावर वेळ विचारावी तसं.
म्हणून आम्ही हसायचो. उशीत तोंड खुपसून.
साबणाच्या वडीत लपवलेली एक लिपस्टिक,
सहा जणींचे ओठ, रविवारी,
कुणासाठीच नाही.

डेल्फीन डॉक्टरांची चाल हुबेहूब करायची.
तिला बापाने आणून सोडलं होतं.
ही पोर फार चालते, म्हणाला.
रात्री, शेतांतून, मैलोन्मैल.
कथेतही आहे अशी एक चालणारी,
कुणाच्या फायलीतून उचललीय कोण जाणे.
पान एक्क्याण्णववर ती बर्फात मरते,
पांढऱ्या गाऊनमध्ये, अनवाणी.

ते काम करणारी पोर, टेगन,
दुपारी माझ्या शेजारी येऊन बसली.
"तिला खरंच मरायचं असेल का हो?"

डेल्फीन मूसजॉला उतरली.
चाळीस वर्षं टायर विकले तिने.
दोन नवरे, दुखरे गुडघे,
नाताळला कार्ड येतं, आत फक्त सही.
हे कसं दाखवणार कॅमेऱ्यात?
टायरचं दुकान, रोज सकाळी शटर वर,
चाळीस वर्षं?

मी म्हटलं, "गाऊनच्या आत लोकरीचं काहीतरी घाल.
थंडी मुरते."

माझं काम एकच. दार लोटायचं, किल्ली फिरवायची.
पहिल्यांदा हात फिरलाच नाही.
दुसऱ्यांदा मी चुकून दार उघडंच धरलं,
जा म्हणावं तसं.
तिसऱ्यांदा फिरवली.
आत टेगन दचकली, खरीखुरी.
"कट! सुरेख!"
सुरेख. मला म्हणाले.

जेवायला लांब टेबल, सूप, सोळा चमचे.
मोजायचे असं काही ठरवलं नव्हतं.
जेवणाआधी मोजायचे, नंतर मोजायचे,
एक कमी भरला तर कुणी उठायचं नाही,
दिवे लागेपर्यंत.
पोरी उठल्या, हसत, ताटल्या तशाच टाकून,
एकीच्या गाऊनचा खिसा जरा जड.

पंधरा.
पुन्हा मोजले.
जुडगा मांडीवर ठेवून मी तिथेच बसून राहिले
आणि कुणालाही सांगितलं नाही.